काळी, पांढरी आणि ई-क्लास



आपल्या मोर्चात जमीन हा शब्द असतोच. गायरान आमच्या हक्काचं, कसेल त्याला सातबारा, दोन एकर द्या, पाच एकर द्या. एकराचा हिशोब आपण पक्का शिकलो. पण त्या एकरात माती कोणती, ती कशी बनली, कोणी बिघडवली, कोणी सुधारली, हे विचारायचं राहून गेलं. मी शेतकी कॉलेजात गेलेलो नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो. जे वाचलं ते वाचनालयात, दुसऱ्या पाळीच्या आधी, नखात कापूस असताना. विद्वानांना हसायचं तर हसावं.

ब्लोरूममध्ये रुईची गठाण फोडली की पानाचा कचरा, बोंडाची टरफलं आणि बारीक काळी माती खाली पडते. ती आम्ही झाडून पोत्यात भरतो. कोणाच्या शेतातली, सांगता येत नाही. दर्यापूरची असेल, अकोटची असेल. पण तिच्यावर पाणी पडलं की फरशीला जी चिकटते, ती खरवडून काढावी लागते. एवढ्याशा मातीचा हा हट्ट पाहून मी वाचायला लागलो.

माती म्हणजे दगडाचा नुसता चुरा नव्हे. वाळू, पोयटा, चिकणमाती हे तिचे कण. पण हे कण एकमेकांना कसे धरून बसतात, त्यांचे गोळे किती मोठे, गोळ्यांच्या मधे किती फट, त्या फटीतून हवा खेळते का, पाणी उतरतं का, मुळी शिरते का, ही तिची घडण. पुस्तकवाले तिला मृदासंरचना म्हणतात. आमची आजी म्हणते, "माती मोकळी हाय का गोटा झाली?" दोघांचा प्रश्न एकच. फरक इतका की आजीनं तो आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात वाकून विचारला.

आता या मातीचं मूळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमीन फाटून लाव्हा वाहिला. थरावर थर. तो थंड होऊन काळा पत्थर झाला, बेसाल्ट. ऊन, पाऊस आणि झाडांच्या मुळ्यांनी लाखो वर्षं तो झिजवला आणि त्यातून एक खास चिकणमाती तयार झाली. तिचे पापुद्रे पत्त्याच्या कॅटसारखे एकावर एक असतात. पाणी आलं की पत्त्यांच्या मधे शिरतं, कॅट फुगते. पाणी गेलं की आकसते. म्हणून आपली काळी पावसाळ्यात फुगून चिखल होते आणि एप्रिल-मे महिन्यात फाटते. भेग हातभर खोल, कुठं कुठं पुरुषाच्या कंबरेइतकी. मग वरची भुसभुशीत माती त्या भेगेत पडते. पाऊस आला की खालची फुगते, जागा नसते, म्हणून वर ढकलली जाते. अशी ही माती स्वतःच स्वतःला उलटवत राहते. जगभरच्या शास्त्रज्ञांनी तिला नावच 'उलटणारी' या अर्थाचं दिलं, व्हर्टिसोल. वरच्यानं कायम वर राहावं आणि खालच्यानं खाली, हा कायदा या मातीला मंजूर नाही. मनूनं तिला बहिष्कृतच केलं असतं.

दुसरी गोष्ट. काळी आहे म्हणून कसदार, असं आपण समजतो. खोटं आहे ते. हिच्यात सेंद्रिय कर्ब फार नसतो, पुष्कळ वावरांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली. जेवढा आहे तेवढा चिकणमातीला घट्ट बिलगून बसतो आणि सगळी काळी दिसते. रंगावरून पारख करू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

वऱ्हाडात उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग आणि मधून पूर्णा. पूर्णा बैतूलकडून येते, अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडून चांगदेवजवळ तापीला मिळते. हे खोरं नदीनं आणलेल्या गाळानं शेकडो मीटर भरलं आहे. पण उतार कमी, पाऊस बेताचा, निचरा मंद. पाणी खाली उतरून क्षार धुऊन नेत नाही, उन्हानं परत वर खेचलं जातं. कोरड्या हवेत मातीतला चुना खड्याच्या रूपानं बसत जातो आणि मागं सोडियम उरतो. हाच आपला खारपाणपट्टा. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतली शेकडो गावं त्यात येतात.

सोडियम काय करतो ते नीट समजून घ्या. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतं. सोडियम आला की कण एकमेकांना सोडतात. पावसाचं पाणी पडलं की सुटे झालेले बारीक कण फटीत जाऊन बसतात, दार बंद. वर पापडी धरते, पाणी वरच साचतं, आत मुळी तहानेनं मरते. वाळली की फावडं टणकन वाजतं. आणि विहिरीचं पाणी खारं, ते दिलं तर आजार दुप्पट. म्हणून या पट्ट्यात पाताळात पाणी असूनही शेती आभाळाकडे पाहून करावी लागते.

खाऱ्या पाण्याची एक जात आहे. आमच्या गावात गोड्या पाण्याचे दोनच झरे होते आणि दोन्ही गावाच्या अंगाला. आपल्या वस्तीला विहीर मिळाली ती खारी. पूर्णेनं क्षार पसरताना जात पाहिली नव्हती. विहीर कुठं खोदायची ते ठरवणाऱ्यानं पाहिली.

आता माणसाचा इतिहास. जुन्या कागदात गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जिथं पिढ्यान् पिढ्या घरं पडली, राख पडली, भिंती विरघळल्या आणि माती पांढुरकी झाली. म्हणजे माणसाच्या राहण्यानं मातीचा रंग आणि पोत बदलतो, हे कुणब्याला प्रयोगशाळेच्या आधी माहीत होतं. वऱ्हाडच्या गढ्या याच मातीच्या. हिच्या भिंती काळीच्या भिंतीसारख्या फाटत नाहीत. आपली वस्ती मात्र पुष्कळ गावांत पांढरीच्या बाहेर, काळीच्या कडेला. आपली घरं दरसाल का भेगाळतात याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं तुम्हाला माहीत आहे. काळीत मजूर आणि पांढरीत मज्जाव, असे आपण दोन्ही मातींचे पाहुणे.

आणि तरी शिवेचा वाद निघाला की बोलावणं महाराला. धुरा कुठून जातो, कोणत्या बाभळीपासून कोणत्या दगडापर्यंत, हे त्याला तोंडपाठ. त्याची साक्ष अखेरची धरत, हे इंग्रजांच्या जातीवरच्या पुस्तकांतही लिहिलेलं आहे. साऱ्या गावाची जमीन ज्याच्या डोक्यात, त्याच्या नावावर काही नाही.

१८५३ साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढच्या दशकात मुंबई पद्धतीनं जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू झाली. ही प्रतवारी वाचण्यासारखी आहे. कारकून जागोजागी खोली पाहायचा. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती असली तर सोळा आणे. खोली कमी होत जाईल तसे आणे कमी. मग दोष मोजायचे. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, माती एकमेकांना धरत नाही, पाणी मुरत नाही, ओढ्याचं पाणी वरून जातं, पाझर लागतो. बघा, माती धरत नाही आणि पाणी मुरत नाही, ही घडणच झाली. साहेबानं दोन दोष बरोब्बर ओळखले होते. पण ओळखले ते दुरुस्त करायला नव्हे, सारा किती बसवायचा ते ठरवायला. त्या खड्ड्यात सब्बल कोणी मारली असेल हे सांगायला पुस्तक लागत नाही.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. १८६७ साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपुरापर्यंत पोचली. अमरावती, खामगाव, अकोला ही कापसाची पेठ झाली. ज्यावर ढोरं चरायची ती कुरणं नांगराखाली गेली. रानावर सरकारी पहारा बसला.

इथं मातीच्या अंगानं विचार करा. कापसाची रुई म्हणजे जवळजवळ सगळी हवापाण्यातून बनलेली वस्तू. ती मातीतून फारसं काही नेत नाही. नेते ती सरकी. नत्र, स्फुरद, पालाश तिच्यात. सरकी गावच्या ढोराला खाऊ घातली तर शेणातून परत वावरात येते. आगगाडीत बसवली तर गेलीच. त्यात चराई गेली, ढोरं रोड झाली, १८९९-१९०० च्या दुष्काळात तर त्यांची हाडं झाली. शेण कमी झालं. रान बंद म्हणून चुलीला लाकूड नाही, मग गोवऱ्या आणि पऱ्हाटी जाळायची. जे मातीत जायला हवं ते धुरात गेलं. शेणानं मातीच्या कणांचे मऊ गोळे बांधले जातात. ते गेलं की ढेकूळ राहतं. त्या पऱ्हाट्या डोक्यावर वाहून आणणाऱ्यांत आपल्या माया-बहिणी पुढं होत्या, हे लपवायचं कारण नाही. सरपण विकत घ्यायला पैसा नव्हता. आजही गॅसचं सिलिंडर संपलं की चुलीत पऱ्हाटीच असते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. त्यांचं वय तेव्हा २७. कार्यकर्त्यांनी तो वाचत नाही म्हणून मी भांडत असतो. त्यांचा मुद्दा असा की शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल किती, अवजारं किती, श्रम किती, यावर ठरतं. आणि शेतीवर ओझं झालेले हात उद्योगात गेले पाहिजेत. मी स्वतः असा गेलेला हात आहे, म्हणून मला तो निबंध जवळचा वाटतो. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते आणखी पुढं गेले. जमीन सरकारची, ती गावकऱ्यांना जात न पाहता कसायला द्यायची, शेती सामुदायिक, बी-भांडवल सरकारनं द्यायचं. पुष्कळांना ते स्वप्न वाटलं. पण खारपाणपट्ट्यात उभं राहून वाचा. एका वावरातला क्षार धुतला तर तो खालच्या वावरात जातो. निचऱ्याचा चर एकाच्या धुऱ्यापाशी थांबत नाही. ही माती एकट्या सातबाऱ्यानं दुरुस्त होतच नाही. शेजाऱ्यासोबत बसावं लागतं, आणि आपल्याकडं शेजारी जात पाहून बसतो.

बांधांची गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीत मृदसंधारणाची कामं निघाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. आजी तेव्हा नवी नवरी. समतल बांधाच्या कामावर टोपलं वाहायला गेली. बांध कोणाच्या वावरात? ज्याला वावर आहे त्याच्या. हलक्या, मुरमाड जमिनीत हे बांध उपयोगी पडले. पण खोल काळीत कागदावरचं शास्त्र तोंडघशी पडलं. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी साचलं, पीक पिवळं पडून सडलं. उन्हाळ्यात बांधच फाटला, पहिल्या पावसात भेगेतून पाणी घुसून भगदाड. आजी सांगते, "बांध आमी बांधला बापू, मंग दोन सालानं त्यायनंच फोडला. फोडाची मजुरी बी आमीच घेतली." ती हसून सांगते. मला हसू येत नाही, पण मजुरी दोनदा मिळाली हेही खरं. पुढं हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं, १९७२ सालीच स्थापन झालेली ती संस्था, काळीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली. वरंब्यावर पीक, सरीतून जादा पाणी बाहेर. आजच्या शेतकऱ्याच्या तोंडी ते बीबीएफ झालं आहे. म्हणजे या मातीला पाणी अडवायचंही असतं आणि वाटही द्यायची असते.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं. नाव डॉ. पंजाबराव देशमुखांचं. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यात आपल्या बाजूनं उभे राहिलेले तेच भाऊसाहेब. खारपाण जमिनीला जिप्सम, शेणखत, धैंचा-बोरूचं हिरवं खत, पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात साठवणं, हे उपाय तिथले लोक सांगतात आणि ते बरोबर आहेत. जिप्समातलं कॅल्शियम सोडियमला हुसकतं, पाऊस त्याला खाली नेतो. मात्र निचरा हवा, नाहीतर हुसकलेला तिथंच मुक्काम ठोकतो.

पण एकीकडं उपाय सांगायचे आणि दुसरीकडं माती दाबायची. माझ्या बापाच्या लहानपणी ज्वारी होती, तूर होती. ज्वारीचा कडबा ढोराला, ढोराचं शेण उकंड्यात, उकंड्यातून वावरात. तुरीची मुळी खोल जाऊन मातीत वाट पाडायची. १९८० नंतर सोयाबीन पसरत गेलं, ज्वारी आटली, कडबा गेला, बैल गेले. वखर आणि डवरा माती वरवर हलवायचे. आता ट्रॅक्टर. वाफसा येण्याच्या आधीच रोटाव्हेटर फिरवला की वर पीठ आणि खाली थर घट्ट. कपाशीची सोटमुळी त्या थराला टेकून आडवी वळते. उपटून पाहा, कोपरात वाकलेल्या हातासारखी दिसते. आजी म्हणते, "वल्या मातीत पाय घालू नको, वाळली का गोटा होते." ट्रॅक्टरवाल्याला हे कोण सांगणार? त्याला तासाचा भाव असतो.

आता आपल्या मुद्द्यावर येतो. वऱ्हाडात चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात. मोजणीच्या वेळी ज्या जमिनीवर आणे बसले ती नावावर गेली. उरली ती बहुतेक बरड, मुरमाड, दगडाची, नाहीतर नाल्याकाठची चोपण. १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले. त्या बळावर पुढं गावोगाव ई-क्लासवर आपली माणसं वखर घेऊन उतरली. १९७८ ला शासननिर्णय निघाला, १९९१ ला पुन्हा. दुसऱ्यात मुदत १४ एप्रिल १९९० धरली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. त्या तारखेच्या आतलं भूमिहीन मागासवर्गीयांचं शेतीसाठीचं अतिक्रमण नियमित करायचं असं ठरलं.

आमच्या आज्यानं १९८४ ला तीन एकर धरले. मुरूम होता, त्यावर वीतभर माती. पहिली दोन वर्षं फक्त दगड वेचले. ते दगड धुऱ्यावर रचले, त्याला अडून माती साचायला लागली. गावतलावाचा गाळ बैलबंडीनं आणून टाकला. तलावातला गाळ म्हणजे कोणाच्या तरी वावरातली वाहून आलेली काळीच. मुरमात ती मिसळली की पाणी धरून ठेवते. शेण गावातून मागून आणलं, आणि देणाऱ्यानं ते देताना किती शब्द सुनावले तेही आजीला पाठ आहे. आज तिथं गुडघ्याच्या खाली माती आहे. तूर येते, थोडी कपाशी येते. निसर्गाला इंचभर माती करायला शेकडो वर्षं लागतात असं पुस्तकात आहे. निसर्गाकडं टोपलं नव्हतं.

आणि तरीही सातबाऱ्यावर नाव नाही. तालुक्याच्या कचेरीत अर्ज आहे, पोच आहे, दंडाच्या पावत्या आहेत. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, जिप्समचं अनुदान नाही, शेततळं नाही. २०१५ पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देतं. तीत बारा गोष्टी तपासतात, सामू, क्षारता, कर्ब, नत्र, जस्त वगैरे. घडण तपासत नाहीत. आणि आमच्या वावराची पत्रिका निघाली नाही, कारण पत्रिकेला गट नंबर आणि खातेदार लागतो.

२८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिला. त्याच वर्षी आपल्या राज्याचाही शासननिर्णय आला. नोटीस आली की लोक हाच निकाल पाहून घाबरतात. पण निकाल पूर्ण वाचा. सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळालेला असेल तर अपवादाची सोय त्यातच आहे. म्हणजे प्रश्न येऊन थांबतो कागदावर. १९७८ आणि १९९१ च्या निर्णयाखालचे अर्ज कुठं पडले आहेत, ते शोधून काढणं हे काम आहे. आणि गायरान ढोरांचं, आमच्या ढोरांचंही, हेही विसरू नका. चराई शाबूत ठेवून कसणाराचा हक्क कसा बसवायचा, हे गावसभेत बसून बोलावं लागेल. नुसत्या घोषणेनं होणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. अर्जासोबत आपण वर्षाचा पुरावा लावतो, साक्षीदार लावतो. मातीचाही पंचनामा लावा. ई-क्लासच्या कसलेल्या वावरात हातभर चौकोनी खड्डा घ्या, तसाच शेजारच्या न कसलेल्या जागेत घ्या. खोली मोजा, मुरूम कुठं लागतो ते लिहा, मुळ्या कुठवर गेल्या ते लिहा, धुऱ्यावरच्या दगडांची लांबी-उंची घ्या, पंचांच्या सह्या घ्या. इंग्रजाचा कारकून हेच करत होता, फक्त साऱ्यासाठी.

खारपाणपट्ट्यातल्यांनी आणखी एक करावं. बोराएवढं सुकं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या पाण्यात, हळूच सोडा. विहिरीचं पाणी घेऊ नका, फसाल. पेला हलवू नका. ढेकूळ जागच्या जागी उकललं आणि पाणी नितळ राहिलं तर घडण सैल आहे पण शेणखतानं सावरेल. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही बसला नाही, तर सोडियम आहे. तिथं जिप्सम आणि निचरा मागा, आणि सगळ्या धुऱ्यांवरच्या लोकांना एकत्र बसवून मागा. आमच्या तीन एकरांत सहा ठिकाणचं ढेकूळ मी टाकून पाहिलं. पाच पेले नितळ निघाले. सहावा, नाल्याच्या बाजूचा, अजून गढूळ आहे.